आमिषावरून मासा

मंडळी, ‘अमका अमक्याच्या गळाला लागला’ असे आपण सहज बोलून जातो. निवडणुकीत बोलतो, जमिनीच्या व्यवहारात बोलतो, सोयरिकीच्या बोलाचालीतसुद्धा बोलतो. पण ज्याने जन्मात कधी गळ हातात धरला नाही त्याला एक गोष्ट ठाऊक नसते. मासा गळाला येत नाही. तो येतो आमिषाला. गळ काय, सगळे थोडेफार सारखेच. लोखंडाचा वाकडा आकडा आणि टोकाशी एक उलटा काटा. फरक असतो तो त्या आकड्यावर काय लावले आहे यात. आणि ते पाहून पाण्यात कोणता मासा आहे, तो काय खातो, तळाशी राहतो की वर येतो, हे जाणत्या माणसाला पाणी न पाहताच सांगता येते. ही आमिषे ओळखायची कशी ते आज तुम्हांला सांगायचे आहे. मात्र त्यासाठी आधी नऊशे वर्षे मागे जावे लागेल. कारण आपल्या भागात ही विद्या लिहून ठेवली ती एका राजाने.

सोलापूरच्या दक्षिणेला हत्तरसंग कुडल आहे. भीमा आणि सीना तिथे एकमेकींना मिळतात. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी लेख कोरलेला आहे. त्यामुळे गुरुजी लोक मुलांच्या सहली तिकडे नेतात. मीही एकदा गेलो होतो. लेख पाहून झाल्यावर नदीकडे उतरलो, तर खडकावर एक म्हातारबाबा गळ टाकून बसलेले. शेजारी तीन पुरचुंड्या. एकीत ओल्या मातीत गांडुळे, दुसरीत मळलेली कणीक, तिसरीत कोंबडीची आतडी. मी विचारले, “बाबा, तीन तऱ्हा कशाला?”

“गिऱ्हाइकं तीन हायेत म्हनून,” बाबा म्हणाले. “पीठ खानारं निराळं, मास खानारं निराळं. आन् वाम हाय ती गांडुळाबिगर तोंड उघडत न्हाई.”

त्यांचे हे बोलणे माझ्या डोक्यात राहिले. कारण पीठ खाणारे मासे आणि मांस खाणारे मासे हे वाटप मी एका जुन्या संस्कृत ग्रंथाच्या अभ्यासात वाचले होते.

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघालात, उमरगा मागे टाकलेत, की बसवकल्याणचा फाटा लागतो. आज हे गाव कर्नाटकात बीदर जिल्ह्यात आहे. जुने नाव कल्याण, आणि चालुक्यांची राजधानी ती हीच. आपला सोलापूर, पंढरपूर, मंगळवेढ्याचा सगळा मुलूख त्यांच्या राज्यात होता. त्यांच्यातला विक्रमादित्य सहावा १०७६ पासून १९२६ नव्हे, तर ११२६ पर्यंत, म्हणजे तब्बल पन्नास वर्षे गादीवर होता. त्याचा मुलगा सोमेश्वर तिसरा. याने बापासारख्या लढाया गाजवल्या नाहीत, पण एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे नाव ‘मानसोल्लास’. शके १०५१, म्हणजे सन ११२९ च्या सुमाराचा हा ग्रंथ. त्यात वीस वीस अध्यायांच्या पाच विंशती आहेत, म्हणजे एकूण शंभर अध्याय. राज्य कसे मिळवावे, कसे राखावे, इथपासून देवळे, चित्रे, हत्ती, घोडे, स्वयंपाक, गाणे, खेळ, सगळे त्यात आले आहे. आजच्या इडलीच्या आजीचे नाव त्यात सापडते. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात याची नोंदही त्यात आहे. मराठीच्या शिक्षकांना ती चांगलीच ठाऊक असेल.

याच ग्रंथाच्या विनोदविंशतीत एक प्रकरण आहे, मत्स्यविनोद. विनोद म्हणजे इथे थट्टा नव्हे, तर मन रमवण्याचा खेळ. त्यात राजाने पस्तीसएक जातींचे मासे सांगितले आहेत. समुद्राचे कोणते, नदीचे कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, मोठे कोणते, लहान कोणते, अशी वाटणी केली आहे. मग गळ, दोरी आणि काठी यांचा विचार. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खाद्य. कोणत्या माशाला पिठाचे आणि भाताचे गोळे लागतात, कोणाला मांस लागते, हे वेगवेगळे सांगितले आहे. माशांना आधी खाऊ घालून चटावायचे आणि मग गळ टाकायचा, ही युक्ती राजालाही ठाऊक होती.

हा ग्रंथ पुष्कळ काळ हस्तलिखितांतच पडून होता. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादून छापला. पहिला भाग १९२५ साली आला आणि तिसरा १९६१ साली. मत्स्यविनोदाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले ते सुंदरलाल होरा यांनी. होरा हे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक होते आणि माशांचे मोठे अभ्यासक. १९५१ साली त्यांनी या प्रकरणावर लेख लिहिला. इंग्लंडात गळाच्या मासेमारीवर पहिले छापील पुस्तक निघाले १४९६ साली, आणि आयझॅक वॉल्टनचे जगप्रसिद्ध पुस्तक आले १६५३ साली. आमचा सोमेश्वर वॉल्टनच्या पाचशे वर्षे आधीचा.

पण मला एक प्रश्न पडतो. राजाला हे सांगितले कोणी? वाम कशाला तोंड उघडते हे सिंहासनावर बसून कळत नाही. राजाच्या पदरी पंडित होते, पण पंडित काही कमरेइतक्या पाण्यात उभे राहत नाहीत. माझी तर खात्री आहे, की कुठल्या तरी कोळ्याने, कुठल्या तरी भोयाने हात जोडून उभे राहून हे सांगितले असणार, आणि पंडितांनी त्याचे श्लोक बांधले असणार. ग्रंथावर नाव राजाचे. सांगणाऱ्याचे नाव भीमेत वाहून गेले.

हीच गोष्ट सातशे वर्षांनी पुन्हा घडली, फक्त या वेळी लिहिणारा साहेब होता. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबईच्या फौजेतला अधिकारी. १८२४ साली सरकारने त्याला दख्खनची पाहणी करायला नेमले. पिके, माणसे, पक्षी, किडे, सगळे त्याने टिपले. माशांवर त्याने जे लिहिले ते लंडनमध्ये १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. मुळा-मुठेत आणि भीमेत जे मासे मिळाले त्यांना शास्त्रीय नावे देताना याने काय केले? कोळ्यांनी जे नाव सांगितले तेच लॅटिनच्या शेपटीला बांधले. खुद्री, कोळस, शिंगटी, अशी ती नावे. त्यामुळे आपल्या खडस माशाला, म्हणजे दख्खनच्या महासीरला, आजही जगभर ‘टोर खुद्री’ म्हणतात. जपानातल्या प्राध्यापकाला हा मासा सांगायचा असेल तर त्याला भीमेच्या खोऱ्यातल्या कोळ्याचा शब्द उच्चारावा लागतो! साहेबाने तेवढे तरी राखले, हे कबूल करायला हवे.

नावावरून माशाची खोड कळते याचे आणखी एक उदाहरण सांगतो, मग आमिषांकडे वळू. कृष्णेच्या खोऱ्यात एक लहानसा मासा आहे. तो दुसऱ्या माशांच्या अंगावरची खवले उपटून खातो. चं. वि. कुलकर्णी या मराठी मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याचे नाव ठेवले ‘खवलचोर’. शास्त्रीय ग्रंथांत अगदी हेच नाव आहे. आता या माशाला कोणते आमिष लावाल? गुरुजी, हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. मुले अशी उत्तरे देतील की आपण थक्क व्हावे.

तर आमिषे. खरी आमिषे, म्हणजे खाता येणारी, आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. कणकेचा गोळा, भाताचे शित, शेंगदाण्याची पेंड ही रोहूसारख्या शाकाहाराकडे झुकलेल्या माशांची. गांडूळ वामेचे आणि इतर पुष्कळांचे. आतडी, मांसाचा तुकडा, लहान जिवंत मासा ही शिंगट्यासारख्या मिशाळ माशांची. तो तळाला वासावर हिंडतो, तेव्हा आमिषाला वास हवा. कणीक मळताना लोक हळद घालतात, हिंग घालतात, कोणी आणखी काही घालतो आणि ते बायकोलाही सांगत नाही. ते राहू द्या.

खरी गंमत आहे ती खोट्या आमिषांची. यांना खाता येत नाही, वास नाही, चव नाही. लोकर, पिसे, पितळ, लाकूड, रबर यांचे सोंग. तरीही मासा त्यावर झडप घालतो. ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसेडोनियातल्या कोळ्यांची हकीकत लिहिली. तिथल्या नदीवर एक माशी भिरभिरे आणि मासे तिला खात. खरी माशी हाताने धरली तर तिचा रंग उतरे. मग त्या लोकांनी गळाला तांबडी लोकर गुंडाळली, वर कोंबड्याची दोन पिसे बांधली, आणि मासे फसले.

आता बाजारात ही खोटी आमिषे पाकिटांतून मिळतात. सोलापुरातही मिळतात, आणि उजनीच्या काठावर हौशी मंडळी ती घेऊन बसलेली दिसतात. पाकिटावरची नावे परदेशी असतात आणि पोरे ती पाठ करतात. मी म्हणतो, नाव सोडा, वस्तू हातात घ्या. तिला तीन प्रश्न विचारा. तू पाण्यात कुठे राहतेस? तू हलतेस कशी? आणि तू सोंग कोणाचे घेतले आहेस?

पिसे आणि दोरा गुंडाळलेला हलका गळ दिसला, तर ती ‘माशी’. पिसे ताठ आणि भोवताली पसरलेली असली तर ती पाण्यावर तरंगणार. मऊ, मागे झुकलेली असली तर बुडणार. पितळेचा किंवा निकेलचा फुगीर, वाकवलेला पत्रा दिसला, तर तो ‘चमचा’. नाव शब्दशः खरे आहे, जेवायच्या चमच्याची दांडी मोडली की असाच दिसतो. ओढला की तो सगळाच्या सगळा डावीउजवीकडे डुलतो आणि आजारी लहान माशासारखा चमकतो. याच्याशी गल्लत होते ती ‘फिरकी’ची. फिरकीत मधून एक सरळ तार गेलेली असते आणि पत्र्याचे लहान पान त्या तारेभोवती गरगर फिरते. अंग स्थिर, पान फिरते. हा फरक कळला की तुमची निम्मी परीक्षा पास झाली. शिशाची गोळी डोक्याशी ओतलेला गळ असेल, तर तो तळाशी टुणटुण आपटत न्यायचा.

मग लाकडाचा किंवा प्लास्टिकचा मासा. याच्या हनुवटीखाली एक पारदर्शक जीभ असते. पोरांना वाटते ती शोभेची. ती शोभेची नव्हे, तीच सगळे काम करते. ओढताना पाणी जिभेवर दाबते आणि मासा नाक खाली करून बुडतो. जीभ आखूड आणि खाली वळलेली असेल तर तो हातभर पाण्यातच राहील. लांब आणि नाकाच्या रेषेत पुढे आलेली असेल तर खोल जाईल. जीभच नाही आणि तोंड वाटीसारखे खोलगट आहे, तर तो पाण्यावर डुबुक डुबुक आवाज करणारा. आपल्या औताचा फाळ कसा लावला म्हणजे तास किती खोल जाते, हे ज्याला कळते त्याला ही जीभ शिकवावी लागत नाही.

या लाकडी माशाची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. फिनलंडमध्ये लौरी रापाला नावाचा एक गरीब कोळी होता. तळ्यावर नाव वल्हवताना तो पाहत बसे. लहान माशांच्या झुंडीतून मोठा मासा जातो, तेव्हा तो नेमका कोणाला उचलतो? जो जरा लंगडा पोहतो त्याला. १९३६ साली रापालाने चांभाराच्या सुरीने बुचाचा मासा कोरला. चॉकलेटवरची चांदी त्याला चिकटवली, आणि फोटोच्या जुन्या फिती वितळवून वर लेप दिला. तो मासा पाण्यात लंगडतच चाले. पुढे त्याच्या नावाचा कारखाना जगभर गेला. लिहायला राजा नव्हता, साहेब नव्हता, पण या एका कोळ्याचे नाव मात्र टिकले. आमच्या कोळ्यांच्या नशिबी ते नव्हते.

आपल्याकडे हे खोटे आमिष साहेबांबरोबर आले. मद्रास इलाख्यातला मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले. महासीरला चमचा कसा लावावा याचा त्यात ऊहापोह आहे. साहेब चमचा फेकत होते, आणि कावेरीकाठचा माणूस त्याच माशाला नाचणीचा उंडा लावत होता. दोघांनाही मासा मिळे! कारण महासीर सर्वभक्षी. गोगलगाय खातो, शेवाळ खातो, काठच्या झाडाचे फळ पाण्यात पडले तर तेही खातो. साहेबाच्या आमिषाने त्याची अर्धीच ओळख करून दिली होती.

हा खडस आता आपल्या भीमेत कितीसा दिसतो? इंद्रायणीवर देहू-आळंदीच्या डोहांत भाविकांनी त्याला राखला होता. १९७० च्या सुमारास लोणावळ्याला टाटांच्या तलावावर, वर ज्यांचे नाव घेतले त्या कुलकर्णींनी, त्याची पिल्ले हाताने निपजवण्याचे काम सुरू केले. तिथून ती पुष्कळ ठिकाणी गेली. पण सोलापूर जिल्ह्यात नदी नदीच राहिली नाही. माढा तालुक्यात उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि सुमारे ११७ टी.एम.सी. पाण्याचा यशवंतसागर उभा राहिला. खळखळत्या पाण्याचे मासे मागे हटले, साचल्या पाण्याचे पुढे आले. गंगेकडचे कटला, रोहू, मृगळ सोडले गेले. त्यांची पैदास शक्य झाली ती १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाची सुई टोचून अंडी घालवून घेतली तेव्हापासून. आणि आली चिलापी. हा मूळचा आफ्रिकेचा मासा १९५२ साली आपल्या देशात आणला गेला. आता उजनीच्या काठच्या ढाब्यांवर ताटात जो मासा येतो तो बहुधा हाच.

मासे बदलले तशा पुरचुंड्याही बदलल्या. खडसाला काय लावत, हे कुडलच्या त्या बाबांना मी विचारले होते. ते म्हणाले, “माझा आज्जा उंबराचं फळ लावायचा म्हनं. म्या कदी लावलं न्हाई. मासाच न्हाई तर उंबर कुनाला घालू?” आजोबांचे आमिष नातवाला ऐकून ठाऊक, आणि नातवाच्या नातवाला तेही ठाऊक नसेल. गुरुजी, तुमच्या गावी नदी असेल, तलाव असेल, तर तुमच्या वर्गात एखादा तरी कोळ्याभोयाचा मुलगा असेल. त्याच्या आज्ज्याला एकदा शाळेत बोलवा. कोणत्या महिन्यात कोणत्या माशाला काय लावत होता, एवढेच विचारा आणि वहीत उतरवून घ्या. आणि वहीवर त्याचे नाव घाला.

जाता जाता दोन माशांविषयी सांगतो, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात काठावर उभे राहिलात तर उपयोगी पडेल.

एक ती चिलापीच. हिची मादी अंडी तोंडात धरते. पिल्ले फुटून पोहू लागेपर्यंत ती तोंडातच वागवते, आणि त्या दिवसांत जवळजवळ उपाशी असते. समोर कणीक येवो, गांडूळ येवो, ती तोंड उघडत नाही. तुमचे आमिष चुकलेले नसते. तिचे तोंड भरलेले असते.

दुसरा मरळ. हा हवा घ्यायला वर येतो, शेवाळात आणि पाणगवतात दडून राहतो, बेडूक गिळतो. म्हणून त्याच्यासाठी जे खोटे आमिष निघाले आहे ते रबरी बेडकाचे. ओळखायला अगदी सोपे. पोट पोकळ, मागे दोन झालरी, आणि गळाची टोके वर वळून पाठीला चिकटलेली, म्हणजे गवतात अडकू नयेत. पहिल्या पावसानंतर उथळ पाण्यात तुम्हांला नारिंगी-तांबूस पिल्लांचा थवा एकत्र वळवळताना दिसेल, कोणी कुंकू सांडल्यासारखा. त्याच्या खाली मरळाचे जोडपे राखणीला असते. अशा वेळी तो बेडूक त्या थव्यावरून ओढला, की मरळ हमखास झेपावतो. पुष्कळ हौशी लोक हे कौशल्य म्हणून सांगतात. पण तो भुकेने झेपावलेला नसतो. बेडूक पिल्ले खाईल म्हणून तो त्याला हाकलायला आलेला असतो. राखणदार वर काढला की बाकीचे मासे तासाभरात त्या थव्याचा फडशा पाडतात. कुडलचे बाबा त्या दिवशी पिल्लांचा थवा दिसल्यावर काठी उचलून चार खडक पलीकडे जाऊन बसले होते. मी कारण विचारले, तर म्हणाले, “तितं आता आमिष लागत न्हाई. नुसता गळ टाकला तरी येतंय ते. मग त्यात काय मासं धरनं?”